वाटीचें माप

औंध संस्थान नकाशावर शोधूं लागलें तर तें एका जागीं सांपडत नसे. राजधानीचें औंध सातारच्या खटाव भागांत, आटपाडी कोरड्या माणदेशांत, कुंडल कृष्णा-येरळेच्या खोऱ्यांत आणि गुणदाळ तर पार विजापूरच्या बाजूस, असे त्याचे चार तुकडे होते. सारे मिळून ७२ गांवें आणि सुमारें ५०० चौरस मैलांचा मुलूख. एवढ्याशा संस्थानाचें नांव राहिलें तें राजेसाहेब भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांच्या कारकीर्दीमुळें. त्यांनीं सूर्यनमस्कार शाळाशाळांतून नेले. महात्मा गांधींच्या सल्ल्यानें १९३९ सालीं राज्यकारभार प्रजेच्या हातीं दिला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें कैद्यांसाठीं भिंती नसलेली वसाहत उभी केली. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. कुंडल आणि आटपाडी दुसऱ्या वर्षीं नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यांत गेलीं, व त्या जिल्ह्यास १९६० पासून सांगली हें नांव मिळालें.

संस्थानाच्या थोर कार्यांची यादी सांगतांना एक नांव बहुधा राहून जातें. तें कोणा मुत्सद्द्याचें नाहीं, कारखानदाराचेंही नाहीं. कुंडल गांवीं १९१३ सालीं जन्मलेल्या, मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या आणि पंधराव्या वर्षीं सांगलीच्या ओगले कुटुंबांत सून म्हणून गेलेल्या एका स्त्रीचें तें नांव आहे. कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' हें पुस्तक १९७० सालीं निघालें, आणि कधींही चुलीपुढें न बसलेल्या माणसाला कागदावरून स्वयंपाक शिकतां येतो, ही गोष्ट महाराष्ट्रांतील मध्यमवर्गीय घरांत तेव्हांपासून खऱ्या अर्थानें रूढ झाली. तत्पूर्वीं पाकशास्त्राचीं पुस्तकें नव्हतीं असें नाहीं. पुष्कळ होतीं. पण तीं वाचून भात करूं म्हणणाऱ्याचा भात बहुधा कच्चा राही किंवा त्याची पेज होई. असें कां व्हावें, याचा विचार करणें मनोरंजक आहे.

जुन्या काळीं स्वयंपाक हा वाचून शिकण्याचा विषयच नव्हता. मुलगी आईच्या हाताखालीं भाजी निवडूं लागे, ताक घुसळूं लागे, आणि खरें शिक्षण पुरें होण्याच्या आंतच तिचें लग्न होऊन जाई. मग सासूच्या हाताखालीं दुसरी शाळा. या शाळेंत धडा असा नसे. 'अंदाज' हाच सारा अभ्यासक्रम. मीठ किती? अंदाजानें. पाणी किती? बोट बुडेल इतकें. किती वेळ शिजवावयाचें? शिजेपर्यंत. ज्या सासवेला अंदाज होता तिला तो शब्दांत सांगतां येत नसे, आणि सुनेला तर विचारण्याचीही सोय नसे. दहा वेळां चुकून अकराव्या वेळीं हाताला वळण पडे. पहिल्या दहा वेळांचें जें अन्न बिघडे तें टाकून देण्याइतकी समृद्धि खटाव-माणाकडील घरांत नव्हती. बिघडलेलें तेंच जेवणाऱ्यांच्या पानांत पडे आणि त्याबरोबर बोलणींही खावीं लागत. स्वयंपाक बिघडणें ही चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीच्या दृष्टीनें सासरच्या घरांतील आपल्या जागेची गोष्ट होती. पाकशास्त्राच्या इतिहासांत पक्वान्नांचीं नांवें पुष्कळ येतात, ह्या पोरींचा उल्लेख मात्र कोठें आढळत नाहीं.

ग्रंथांची परंपरा पाहूं गेल्यास ती मोठी आणि वैभवाची आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतला. राजानें भोगावयाच्या सुखांत त्यानें अन्नभोगास मानाचें स्थान दिलें आहे. मांडे, वडे, पुऱ्या यांच्या पूर्वजांचीं वर्णनें त्यांत सांपडतात. सतराव्या शतकांत रघुनाथपंडितानें 'भोजनकुतूहल' लिहिलें, त्यांत पदार्थांच्या कृतींबरोबर त्यांचे वैद्यकांतील गुणदोषही सांगितले आहेत. पण हे ग्रंथ कोणासाठीं? राजाच्या मुदपाकखान्यांत राबणारा आचारी संस्कृत वाचीत नव्हता, आणि संस्कृत वाचणाऱ्याला कढईला हात लावण्याचा प्रसंग येत नव्हता. हे ग्रंथ अन्नाचें कौतुक करणारे आहेत. तें कौतुक मोलाचें, तथापि शिकाऊ माणसाच्या उपयोगाचें नव्हे.

छापखाना आल्यावर मराठींत पहिलें पाऊल पडलें तें १८७५ सालीं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' हें मराठींतलें पहिलें छापील पाकशास्त्र समजलें जातें. लेखक पुरुष असावा, यांत त्या काळीं नवल नव्हतें. लिहितां येणारा वर्ग आणि रांधतां येणारा वर्ग हे अजून निराळे होते. पुढें १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांनीं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. आतां लेखणी आणि पळी एका हातांत आली. मुंबईच्या पाठारे प्रभु घरांतील मासे-मटणाच्या पदार्थांपासून गोडधोडापर्यंत सारें कांहीं त्यांत आहे. ज्या गृहिणीचा हात बसलेला आहे तिला हा ग्रंथ खजिनाच. पण हजार पाकक्रिया पुढें मांडल्या म्हणजे नवशिक्याचा गोंधळ हजारपट वाढतो, हेंही खरें. त्याला हजार पदार्थ नको असतात. भात, वरण, पोळी, एक भाजी आणि एक कोशिंबीर एवढें नीट जमलें तरी त्याचा दिवस निभावतो.

हाच सुमार औंध संस्थानांत निराळ्याच कारणानें महत्त्वाचा ठरला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना बेळगांवांतून आपला कारखाना हलवावा लागला तेव्हां राजेसाहेबांनीं त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळची जागा दिली. निवडुंगानें भरलेला तो माळ. १९१० सालीं तेथें किर्लोस्करवाडी वसली, आणि पुढें स्टेशनाचें नांवही तेंच पडलें. नांगर आणि चरक यांच्या या कारखान्यांतून १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' हें पत्र निघूं लागलें; तेंच पुढें 'किर्लोस्कर' मासिक झालें. त्यामागून १९३० सालीं 'स्त्री' आणि १९३४ सालीं 'मनोहर' हीं मासिकें निघालीं. लोखंड ओतणाऱ्या माळावर मराठी मध्यमवर्गाचें वाचन ओतलें जाऊं लागलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. कुंडलची ही मुलगी त्या वस्तीहून तीन वर्षांनीं लहान. चौथीनंतर तिची शाळा सुटली, आणि साठ वर्षांच्या आंत तिचेंच पुस्तक ह्याच किर्लोस्करांच्या मुद्रणालयानें छापलें. मुद्रणालय तोंपर्यंत पुण्यास गेलें होतें.

राजेसाहेबांचें लक्षही अन्नाकडे होतेंच. सूर्यनमस्कारांवरील त्यांच्या लिखाणांत आहाराचा विचार व्यायामाच्या जोडीनें येतो. परंतु 'काय खावें' हें सांगणारे थोर पुरुष हिंदुस्थानांत कधींच कमी नव्हते. 'कसें शिजवावें' हें सांगणारें मनुष्य दुर्मिळ, आणि तें संस्थानाच्या राजवाड्यांतून न येतां कुंडलच्या एका साध्या घरांतून यावें हेंच स्वाभाविक होतें.

कमलाबाई माहेराहून फारसें शिकून आल्या नव्हत्या. त्यांना खरें शिक्षण मिळालें तें सासूबाईंकडून. म्हणजे त्या जुन्या शाळेंतल्याच. अंदाजाच्या पद्धतींत मुरलेल्या. त्यांचें मोठेपण असें कीं, अंदाज हातीं आल्यावर तो कसा आला हें त्या विसरल्या नाहींत. सामान्यतः ज्याला येतें त्याला 'न येणें' म्हणजे काय तें आठवत नाहीं. शाळामास्तरांतही हा दोष सर्रास आढळतो. कमलाबाईंनीं आपल्या हाताला ठाऊक असलेलें माप वाटींत आणि चमच्यांत ओतून पाहिलें व कागदावर उतरविलें.

ही युक्ति आज अगदीं साधी वाटते. तिचें महत्त्व कळण्यासाठीं मापांची त्या काळची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. जुनी मोजणी शेर, छटाक, तोळा, मासा अशी. त्यांतही कच्चा शेर निराळा, पक्का निराळा, आणि गांव बदललें कीं शेरही बदले. १९५८ पासून दशमान वजनें टप्प्याटप्प्यानें आलीं. सासूच्या तोंडीं तोळा, दुकानदाराच्या तोंडीं ग्रॅम, आणि स्वयंपाकघरांत तराजू तर कोणाच्याच नाहीं, अशी ती वेळ होती. वजनानें लिहिलेलें पुस्तक जुन्या वजनांत असलें तर सुनेला कळत नसे, नव्या वजनांत असलें तर सासूला. वाटीला हें कांहींच लागू नव्हतें. खेड्यांत धान्य मापानेंच मोजीत. पायली, शेर, मापटें, चिपटें हीं भांडीं घरोघर असत. वाटी ही त्या भांड्यांचीच धाकटी बहीण.

शिवाय वाटींत गणिताचा एक गुण आहे. वाटी लहान कीं मोठी, याला महत्त्वच नाहीं. एका पदार्थाला आरंभापासून शेवटपर्यंत एकच वाटी घेतली म्हणजे झालें. एक वाटी तांदुळाला दोन वाट्या पाणी, हें प्रमाण लहान वाटीला खरें तसेंच मोठ्या वाटीलाही खरें. त्रैराशिक शिकलेल्या मुलाला हें लगेच पटेल. न शिकलेल्या बाईला तें आधींच ठाऊक असतें. तांदूळ जुना असेल तर पाणी थोडें वाढवावें, नवा असेल तर थोडें कमी करावें, कारण नव्या तांदुळांत ओल अधिक असते व त्याचा भात गिच्च होतो. एवढी एक पुरवणी जोडली कीं भाताचा धडा पुरा झाला.

काळही अनुकूल होता. १९६० च्या सुमारास आणि त्यानंतर मुंबई-पुण्याकडे नोकरीनिमित्त गेलेल्या जोडप्यांचीं बिऱ्हाडें दोन खोल्यांचीं होतीं. त्यांत सासू नव्हती. कित्येक ठिकाणीं सूनही सकाळीं साडेनवाच्या गाडीनें कचेरींत जात होती. गॅसची शेगडी व दाबाचा कुकर शहरांतील घरांत शिरूं लागले होते. चुलीचा विस्तव मापांत सांपडत नाहीं. लांकूड पुढें सारावें, मागें ओढावें, निखारे पसरावे, यांतच निम्मा स्वयंपाक असे. गॅसच्या ज्योतीला मात्र 'मंद' आणि 'मोठी' असे शब्द लावतां येतात, आणि मग 'मंद आंचेवर दहा मिनिटें' या वाक्याला अर्थ येतो. म्हणजे अन्नाचें माप वाटीनें आणि विस्तवाचें माप शेगडीनें दिलें, तेव्हां कोठें कृति लिहितां येण्याजोगी झाली. ह्या नव्या बिऱ्हाडांत 'रुचिरा' सासूच्या जागीं आली. कमलाबाईंना 'लाख सुनांची सासू' असें बिरुद लोकांनीं दिलें. त्यांत थट्टा थोडी आणि कृतज्ञता फार होती. ही सासू बोलत नव्हती, आणि तिला एकच गोष्ट दहा वेळां विचारतां येत होती.

नवशिक्याला नेमकें काय सांगावें लागतें, हें एका फोडणीवरून दिसेल. जाणती बाई 'फोडणी करून घे' एवढेंच म्हणते. पण त्या तीन शब्दांच्या पोटांत क्रम आहे, आणि क्रमामागें कारण आहे. तेल आधीं नीट तापलें पाहिजे. मग मोहरी, कारण मोहरीच्या दाण्यांतील ओलीची वाफ होऊन ती टरफल फोडते, तेंच तडतडणें, आणि तेल कोमट असेल तर मोहरी फुटतच नाहीं, कडू मात्र लागते. मोहरी फुटल्यावर जिरें, मग हिंग, आणि हळद शेवटीं. हळद बारीक दळलेली असल्यामुळें क्षणांत करपते. सांगलीच्या पेठेंतली उत्तम हळद असली तरी आधीं घातल्यास तिचा रंग काळपट होऊन चव बिघडते. म्हणून हळद पडतांच भाजी किंवा पाणी घालून तेलाचा ताव मोडावयाचा. हीं कारणें कळलीं कीं क्रम पाठ करावा लागत नाहीं.

पिठल्याचें पहा. ह्या मुलुखांतला तो रोजचा पदार्थ, आणि नवख्या माणसानें पहिल्याप्रथम करावा असाही तोच. एक वाटी हरभऱ्याच्या डाळीचें पीठ घ्यावें आणि तीन वाट्या पाणी मोजून ठेवावें. त्यांतील एक वाटी गार पाणी पिठांत थोडें थोडें घालून, गुठळी न राहील असें कालवावें. कढईंत दोन मोठे चमचे तेल तापवून वरीलप्रमाणें फोडणी करावी. त्यांत चिरलेला कांदा, दोन-तीन हिरव्या मिरच्या व ठेचलेला लसूण परतावा. कांदा मऊ झाला कीं उरलेल्या दोन वाट्या पाणी आणि एक लहान चमचा मीठ घालावें. उकळी फुटल्यावर कालवलेलें पीठ धार धरून ओतावें व दुसऱ्या हातानें ढवळत राहावें. मग झांकण ठेवून मंद आंचेवर पांच-सात मिनिटें. मधून ढवळावें, नाहीं तर खालीं लागतें. कच्च्या पिठाचा वास गेला आणि वर चकाकी आली कीं झालें. माणदेशाकडील बायका पीठ कालवीत नाहींत; उकळत्या पाण्यांत कोरडेंच पेरतात आणि भराभर घोटतात. तें पिठलें अधिक चवदार लागतें असें तिकडचे लोक म्हणतात, आणि तें खरें असावें. परंतु तें सरावाच्या हाताचें काम आहे. नवख्यानें कालवूनच करावें. घट्ट झालें तर अर्धी वाटी उकळतें पाणी घालावें, पातळ झालें तर झांकण काढून आटवावें. पिठलें क्षमाशील आहे.

येथें मीठाविषयीं एक शब्द. 'चवीपुरतें मीठ' हा प्रयोग सर्व पाकपुस्तकांत आढळतो. कोणाच्या चवीपुरतें, हें मात्र कोठेंच सांगितलेलें नसतें. नवशिक्याला चव ही पदार्थ झाल्यावर कळते, आणि तेव्हां फार उशीर झालेला असतो. म्हणून आधीं एक ठराविक माप सांगून टाकणें, मग तें थोडें कमी असलें तरी चालेल, हाच दयाळू मार्ग. कमी मीठ वाढवितां येतें, अधिक झालेलें काढतां येत नाहीं.

ह्या पुस्तकांचें जग बहुतांशीं पांढरपेशा घरांचें, हें कबूल केलें पाहिजे. ज्याला लिहितां येतें त्याचेंच जेवण लिहिलें जातें. औंधच्या चार तुकड्यांत दुष्काळी गांवें पुष्कळ होतीं. तेथें पोटभर मिळेल तें अन्न, व त्यांत हुलग्याचें माडगें, मटकी, बाजरीची भाकरी हींच मुख्य. हुलगे भाजून दळावे, पीठ पाण्यांत कालवून उकळावें, मीठ आणि असला तर गूळ. माडग्याला याहून अधिक कृति लागत नाहीं. सणाच्या ताटांतील श्रीखंड-पुरणपोळीच्या कृती शंभर वर्षें छापल्या जात होत्या, तेव्हां हें माडगें कोणाच्या छापखान्यापर्यंत पोंचलें नव्हतें. त्याचें ज्ञान आईकडून मुलीकडे गेलें तितकेंच टिकलें.

आणि वाटीच्या मापालाही शेवटीं एक हद्द आहे. ती कणकेपाशीं येते. गव्हाच्या पिठांत एक चिवट द्रव्य असतें. पाण्यानें व मळण्यानें त्याचे धागे जमतात, म्हणून कणीक ताणली जाते आणि पोळी लाटतां येते. दोन वाट्या कणकेला सुमारें एक वाटी पाणी, चमचाभर तेल, आणि मळल्यावर अर्धा तास झांकून ठेवणें, इतकें लिहितां येतें. गहूं जुना कीं नवा, दळण जाडें कीं बारीक, यांवर त्यांत दोन-चार चमच्यांचा फरक पडतो, तरी पोळी साधते. ज्वारीच्या पिठांत तें चिवट द्रव्य नाहीं. म्हणून पिठाला उकळतें पाणी घालून त्याची थोडी उकड करावी लागते, म्हणजे तें जोडून राहातें. पाणी किती घालावयाचें, हें ज्वारी कोणती, दळून किती दिवस झाले, हवा कोरडी कीं दमट, ह्यांवर रोज ठरतें. दळून पंधरा दिवस झालेल्या पिठाची भाकरी थापतांना चिरते, मग पुस्तक कितीही चांगलें असो. मळतांना पीठ तळहाताला चिकटेनासें होऊन कडा भेगाळेनाशा झाल्या म्हणजे तें तयार. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवावा, पाणी सुकण्याच्या आंत उलटावी, आणि दुसरी बाजू भाजून झाली कीं निखाऱ्यासमोर उभी करावी; आंतल्या वाफेनें ती फुगते.

कमलाबाई ओगले १९९९ सालीं वारल्या. 'रुचिरा'च्या आवृत्त्या त्यानंतरही निघत राहिल्या, इंग्रजींतही ती गेली, आणि परदेशीं जाणाऱ्या मुलांच्या सामानांत आईनें घातलेल्या वस्तूंत ती अजून असते. त्यांतील कित्येक प्रतींची पानें हळदीनें पिवळीं झालेलीं आहेत, आणि समासांत शाईनें लिहिलेलें असतें : पाणी पाव वाटी कमी.